पिरासान मास्तरांचा नकार

पिरासान मास्तरांची एक बढाई होती आणि ती त्यांनी आमच्या तुंहा गावातल्या प्रत्येकाला निदान एकदा तरी ऐकवलेली होती. "मी जन्मात कुणाला 'नाही' म्हटलेलं नाही," ते म्हणायचे, "आणि जन्मात मनाविरुद्ध एक गोष्ट केलेली नाही."

या दोन्ही गोष्टी एकाच माणसाला कशा काय जमतात, असं एखाद्या परक्याने विचारलं की मास्तरांना स्फुरण चढायचं. ते खुर्ची पुढे ओढायचे आणि आवाज खाली आणायचे. "बारा क्रियापदं. फक्त बारा. ती ज्याला वळवता आली, त्याला जगात कुणाला दुखवायची वेळ येत नाही."

ही बारा क्रियापदं म्हणजे आमच्या भाषेतली जर-तरच्या रूपातली वात्रट कार्टी. बाकीची हजारो क्रियापदं शहाणी आहेत, शेपटीला 'ईआ' जोडा की झालं काम. ही बारा मात्र सरळ ऐकतील तर शपथ. 'करणे' आणि 'सांगणे' यांच्या पोटातलं अख्खं अक्षर गळून पडतं. 'येणे', 'ठेवणे', 'निघणे' यांच्या पोटात कुठून तरी एक 'द' घुसतो आणि ठाण मांडून बसतो. मास्तर हे सगळं मुलांकडून छडी न उगारता, नुसत्या चालीवर म्हणून घ्यायचे. वर्गातून "बेंद्रिआ, बेंद्रिआस, बेंद्रिआ" असा 'येणे'चा सूर उठला की समोरचा न्हावी त्या ठेक्यावर वस्तरा चालवायला लागायचा. त्या तासाला दाढी करून घ्यायला गिऱ्हाइकं मुद्दाम थांबत असत.

पण मास्तरांचं खरं शिकवणं फळ्यावरचं नव्हतं. ते म्हणायचे, "मुलांनो, जर-तरच्या वाक्याला दोन टोकं असतात. अडाणी माणूस दोन्ही बोलून दाखवतो. सभ्य माणूस 'जर' पोटात ठेवतो आणि 'तर' तेवढा ओठावर आणतो."

म्हणजे कसं ते सांगतो. न्हाव्याने एकदा विचारलं, "मास्तर, माझ्या नातवाच्या बाप्तिस्म्याला त्याचा धर्मपिता व्हाल का?" मास्तर म्हणाले, "व्हायला मला किती आवडेल! माझा तर तो सन्मानच ठरेल." हा नकार आहे, हे न्हावी समजला. टोपी काढून आभार मानून तो थेट वाण्याकडे गेला आणि त्याला धर्मपिता केलं. यात कुणाला काही लागलं नाही, कुणाचं काही बिघडलं नाही. तुंहात ही गोष्ट आईच्या दुधातूनच मिळते. 'रविवारी तुमच्याकडे जेवायला यायला आम्हाला फार आनंद वाटेल' असं कुणी म्हणालं की आमची गृहिणी रविवारी दुपारी खुशाल ताणून देते.

अशा या गावात, आमच्या शाळेत, आर्दीलाबाई मुख्याध्यापिका म्हणून आल्या. आल्या त्या सांतांदेरहून. आता सांतांदेर म्हणजे काही दुसरा देश नव्हे, डोंगर उतरला की आलंच. पण तिथली माणसं एरवी जशी बोलतात तसं आम्ही भांडतानासुद्धा बोलत नाही. पहिल्या दिवशी बाई शिक्षकांच्या खोलीत शिरल्या आणि म्हणाल्या, "इथे कोंदट वास येतोय, खिडकी उघडा. इतिहासवाले सर, तुमच्या शर्टाचं बटण चुकलंय. मी आर्दीला." एवढं बोलून त्या गेल्याही. इतिहासाचे सर दिवसभर भिंतीकडे तोंड करून बसले होते.

बाई मनाने वाईट नव्हत्या, हे आधीच सांगून टाकतो. कामाला वाघीण होत्या. पोटात एक ओठात एक हा प्रकार त्यांना ठाऊकच नव्हता, आणि आमच्याकडे तर त्यावरच गावगाडा चालतो.

एका सकाळी बाईंनी मास्तरांना बोलावून घेतलं. बसायलाही न सांगता विषयाला हात घातला.

"ओयाफ्रियाला आपल्या शाळेची शाखा निघतेय. भाषा शिकवायला माणूस हवाय. तुम्ही जाता?"

ओयाफ्रिया! तुंहा काही उबदार गाव नाही, पण तुंहातला माणूससुद्धा ओयाफ्रियाचं नाव निघालं की अंगावरची रुआना, म्हणजे आमची ती लोकरी घोंगडी, गळ्याशी ओढून घेतो. ते गाव ढगांच्याही वर आहे. पिकं दोनच, बटाटा आणि धुकं. बस जाते ती अर्ध्या वाटेपर्यंत, आणि पुढे देवाचं नाव घेत चालत जायचं.

मास्तरांच्या डोळ्यांपुढे घर आलं, आणि घरात निन्फा. निन्फा म्हणजे त्यांची बायको. मागच्या अंगणात तिची मातीची भट्टी होती. सकाळी तिच्यातून चीजचे गोल पाव निघायला लागले की अर्धी गल्ली वासामागे चालत यायची. भट्टी काही हलवण्यासारखी नव्हती आणि भट्टी सोडून निन्फा कधी माहेरीसुद्धा राहिली नव्हती. म्हणजे जायचं तर एकट्याने. मास्तरांना साधं अंडं उकडता येत नव्हतं. अंड्याचं एक वेळ सोडा, पण निन्फा शेजारी नसली तर त्यांना झोप लागत नसे. हे त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं, तिलाही नाही.

म्हणून मास्तरांनी छाती भरून श्वास घेतला आणि आयुष्यातला सगळ्यात कडक नकार दिला.

"मॅडम, जायला मला किती आवडेल! तिथल्या लेकरांना शिकवण्याइतकं पुण्य दुसऱ्या कशात असेल? माझ्या नोकरीचा तो कळसच ठरेल. मी तर अगदी आनंदानं जाईन."

एका दमात इतके 'तर'! समोर तुंहातलं माणूस असतं तर एवढा निष्ठुर नकार ऐकून त्याचा चेहरा पडला असता. मास्तरांनाही वाटलं, जरा जास्तच झालं. ते काही मऊ शब्द शोधायला लागले.

तोवर आर्दीलाबाईंनी टेबलावर हात आपटला होता. "शाब्बास! मला वाटलं होतं इथे सगळे शेपूट घालतील." त्यांनी फोन उचलला आणि खात्यातल्या कुणाला तरी सांगितलं, "माणूस मिळाला. हो, स्वतःहून तयार आहे. आनंदानं जातो म्हणाला."

यातली गंमत बघा, ज्या क्रियापदाने मास्तरांचा घात केला ते त्या वात्रट बारांतलं नव्हतंच. आमचं 'जाणे' एरवी प्रत्येक काळात वाकडं चालतं, आणि जर-तरमध्ये मात्र सुतासारखं सरळ. मास्तरांनी त्याच्यावर कधी अर्धा तासही खर्च केला नव्हता.

शिक्षकांच्या खोलीत गणिताचे सेली सर पेपर तपासत बसले होते. सेली म्हणजे मास्तरांचा जुना दोस्त. मास्तर आत आले आणि रुआनासकट खुर्चीत कोसळले.

"अभिनंदन," सेली म्हणाले. "ओयाफ्रियाला निघालास म्हणे."

"अरे, मी नाही म्हणालो तिला!"

"कुठल्या शब्दांत?"

मास्तरांनी सगळं शब्दशः सांगितलं. सेलींनी चष्मा काढून पुसला. "एवढं? बाईमाणसाच्या तोंडावर? पिरासान, तू इतका कठोर असशील असं वाटलं नव्हतं."

"तरी तिला समजलं नाही."

"कसं समजेल? ती सांतांदेरची. तुझा 'तर' तिला ऐकू येतो. 'जर' तुझ्या पोटात आहे हे तिला काय स्वप्न पडणार? एक काम कर, 'जर' बाहेर काढ. उघड बोल."

मास्तरांना हे फारच असभ्य वाटलं. पण अडला नारायण म्हणतात ना, तशी गत. दुसऱ्या दिवशी ते पुन्हा बाईंपुढे उभे राहिले आणि शरमेने खाली बघत बोलले, "मॅडम, मी तर आनंदानं जाईन, पण तिथे राहायला धड घर असतं तर." ओयाफ्रियात रिकामं घर एकच होतं, जुन्या पाद्र्याचं, आणि त्याला छप्पर नव्हतं. मास्तरांनी ही चौकशी आधीच करून ठेवली होती.

"बरोबर आहे तुमचं," बाई म्हणाल्या. "बघते."

आठवडा संपायच्या आत घराला छप्पर बसलं. गावातले सगळे बाप्ये वर चढले होते म्हणे.

मास्तर परत गेले. "घराचं झालं, आपले उपकार आहेत. पण आत शेकोटीला धुराडं असतं तर..."

धुराडं बांधून झालं.

"माझे गुडघे जरा कुरकुरतात. अर्ध्या वाटेपासून चालावं लागलं नसतं तर..."

गावाने एक खेचर मुक्रर केलं. गुणी होतं, म्हाताऱ्यांना पाडत नाही अशी त्याची ख्याती होती.

"थंडीचं काय, माझी रुआना जुनी झालीय. एखादी जाड असती तर..."

आर्दीलाबाईंनी आपल्या वडिलांची रुआना घरून मागवली आणि स्वतःच्या हाताने मास्तरांच्या खांद्यावर घातली. ती इतकी जड होती की मास्तर तिच्याखाली दोन बोटं बुटके झाले. बाईंना 'जर' म्हणजे करायच्या कामांची यादी वाटत होती. मास्तर 'जर' काढायचे आणि बाई तो निकालात काढायच्या. असा कामसू माणूस मास्तरांनी आजवर पाहिला नव्हता, आणि आता तो पाहायची त्यांना हौसही उरली नव्हती.

मग एके दिवशी ओयाफ्रियाचे तीन म्हातारे मास्तरांच्या दारात येऊन उभे राहिले. हातात टोप्या, खांद्यावर बटाट्याचं पोतं, आणि बरोबर दोरीला बांधलेली एक मेंढी.

"मास्तर, घर तयार आहे," त्यातला वडीलधारा म्हणाला. "पोरं वाट बघतायत. ही मेंढी आपल्याला. लोकर चांगली आहे हिची."

"आपण एवढे कष्ट घेतलेत," मास्तर म्हणाले. "आपल्या गावात राहायला मला किती धन्य वाटेल!"

ते म्हातारे आमच्याच बाजूचे. मास्तरांचा नकार त्यांना पहिल्या वाक्यातच कळला. पण ज्याला गरज असते त्याला अशा वेळी जरा कमीच ऐकू येतं. म्हातारा गोड हसला, "आम्हालाही धन्य वाटेल, मास्तर," म्हणाला आणि मेंढी कुंपणाला बांधून चालता झाला.

निन्फा भट्टीपाशी उभी राहून हे बघत होती. मेंढीने कुंपणावरचा वाळत घातलेला मोजा तोंडात धरला, तेव्हा ती बोलली.

"अहो, हे आता हाताबाहेर चाललंय. सरळ तोंड उघडा आणि 'नाही' म्हणा. सांतांदेरच्या माणसाला तेवढंच कळतं."

"नुसतं 'नाही'?"

"नुसतं. चला, सवय करा. मी बाई. मास्तर, जाता का ओयाफ्रियाला?"

"न... ना... मला तर आवडेल..."

"झालं! पुन्हा."

"निन्फा, तू समजून घे गं. कुणाच्या तोंडावर नुसतं 'नाही' म्हणायचं म्हणजे अंगात कपडे नसताना चौकात उभं राहिल्यासारखं वाटतं. आणि त्याला रूपंही चालत नाहीत. मी, तू, तो, आम्ही, सगळीकडे आपलं एकच, नाही. हाताने धरायचं तरी कुठे त्याला?"

"मी सांगते मग," निन्फा म्हणाली. "बाईंना रविवारी कॉफीला बोलवा. बायकांचं बायकांना लवकर समजतं. एका वाक्यात मोकळं करते बघा तुम्हाला."

निन्फाच्या या आत्मविश्वासाने मास्तरांना फार धीर आला. ती जन्मापासून तुंहातलीच आहे, हे त्या क्षणी त्यांच्या लक्षात राहिलं नाही.

रविवारी आर्दीलाबाई सांगितलेल्या वेळेला, अगदी ठोक्याला आल्या. आमच्याकडे असं कुणी येत नाही, त्यामुळे निन्फाच्या केसांना अजून फडकं बांधलेलं होतं. आधार म्हणून मास्तरांनी सेलींनाही बोलावलं होतं. कॉफी झाली, मग गुळाचं गरम पाणी आलं, त्यात टाकायला चीजचे तुकडे आले, पाव आले. निन्फाने एप्रनला हात पुसले आणि एका वाक्यात विषय काढला.

"आमच्या ह्यांना तिकडे फार बरं वाटेल. मला इथे घर खायला उठेल, एवढंच."

सेलींनी मान खाली घातली. याहून उघड विनवणी त्यांनी कधी ऐकली नव्हती.

"सवय होते," बाई म्हणाल्या. "माझा नवरा समुद्रावर नोकरीला आहे. सहा महिने जड जातात, मग बरंच वाटतं."

निन्फाचा चेहरा पाहवेना, म्हणून मास्तर उठून अंगणात गेले. तिथे मेंढीने दुसरा मोजाही संपवला होता आणि ती आता जिरेनियमच्या कुंडीकडे वळली होती. मास्तर तिला कुंडीपासून ओढत राहिले, आणि आत जे पुढचं बोलणं झालं त्यातलं अवाक्षरही त्यांच्या कानावर पडलं नाही. पडलं असतं तर बरं झालं असतं.

आत निन्फाने बाईंच्या ताटलीत आणखी एक पाव ठेवला होता.

"नको," बाई म्हणाल्या. "पोट भरलं."

निन्फाने पाव ठेवलाच.

"अहो, नको म्हटलं ना."

निन्फाने आणखी एक ठेवला. बाई सेलींकडे बघायला लागल्या. "या मला मारायला निघाल्यात का?"

"मॅडम, आपण रागावणार नसाल तर सांगतो," सेली म्हणाले. "इथलं 'नाही' म्हणजे नाही नव्हे. पहिल्यांदा नाही म्हणणं हा संस्कार. दुसऱ्यांदा नाही म्हणजे मला आग्रह करा. तिसऱ्यांदा नाही आलं की वाढायचं. कुणी एका हाकेत 'हो' म्हणालं तर लोक म्हणतील, घरी उपाशी ठेवतात वाटतं याला."

बाईंनी हातातला कप खाली ठेवला. त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी उजाडत होतं. "म्हणजे मी आमच्याकडचा मेवा, त्या भाजलेल्या मुंग्या, आणल्या होत्या शाळेत, खास गावाहून, तेव्हा..."

"आम्ही सगळे नको म्हणालो."

"आणि मी डबा बंद केला!"

"हो," सेली सुस्कारा टाकून म्हणाले. "आम्ही अजून त्या मुंग्यांबद्दल बोलतो."

बाईंच्या डोळ्यांत खरोखर पाणी आलं. "आणि माझ्या मागे मला चिक्कू म्हणत असाल. वर्षभर मला कळेना, माणसं माझ्याशी अशी अवघडून का वागतात. आता यापुढे नाही. आता मी तुमच्यासारखीच वागणार. कुणी पहिल्यांदा नाही म्हणालं तर सोडणार नाही मी त्याला." आणि त्यांनी ताटलीतले दोन्ही पाव खाऊन टाकले, घाम पुसत पुसत.

मास्तर जिरेनियमचं उरलेलं देठ घेऊन आत आले तेव्हा बाई निन्फाला मिठी मारून निरोप घेत होत्या. मास्तरांना वाटलं, काम झालं. निन्फाने मान हलवून 'नाही झालं' असं सांगितलं, आणि ती भांडी घासायला गेली. तिचे खांदे पडलेले दिसत होते. तेवढ्यावरूनच मास्तरांना कळलं की आता आपणच काहीतरी केलं पाहिजे.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांना जाग आली ती कुंडी फुटल्याच्या आवाजाने. मास्तर तसेच अंगणात धावले. शेवटचं जिरेनियम मेंढीच्या तोंडात होतं.

"नाही!" मास्तर ओरडले.

मेंढी दचकली. मास्तरही दचकले. स्वयंपाकघराच्या दारात निन्फा हातात कालथा घेऊन उभी होती, तीही थबकली.

"आलं," मास्तर कुजबुजले. "निन्फा, आलं गं तोंडातून."

"मग थंड व्हायच्या आत जा," निन्फा म्हणाली.

मास्तर शाळेकडे निघाले ते जवळपास पळतच. वाटेत वाण्याला "नाही" म्हणाले, पाववाल्याला म्हणाले, चर्चच्या पायरीवरच्या म्हातारीला म्हणाले. त्यांपैकी कुणीही त्यांना काही विचारलेलं नव्हतं. लोक थबकून बघत राहिले. न्हाव्याने तर गिऱ्हाइकाच्या गालावर वस्तरा तसाच धरून ठेवला. मास्तरांना मात्र हलकं हलकं वाटत होतं. जन्मभर उगाच घाबरलो, असं त्यांना वाटत होतं. हे तर क्रियापदांपेक्षा सोपं आहे. संध्याकाळी घरी गेल्यावर निन्फाचा चेहरा कसा खुलेल, तेही त्यांना दिसायला लागलं होतं.

दार न ठोठावता ते आत शिरले. "मॅडम. ओयाफ्रियाला मी जाणार नाही."

आर्दीलाबाईंनी हातातलं पेन खाली ठेवलं. त्यांचा चेहरा हळूहळू फुलत गेला, एखाद्या विद्यार्थ्याला पेपरात नेमका तयार केलेला प्रश्न दिसावा तसा.

"एक," त्या म्हणाल्या.

"काय एक?"

"काही नाही. असं कसं मास्तर, तुम्ही गेलंच पाहिजे. माझा आग्रह आहे."

"नाही," मास्तर म्हणाले. दुसऱ्यांदा तर ते आणखी सहज आलं. "खरंच नाही. मला जायचं नाहीये."

"दोन," बाई खुशीत येऊन म्हणाल्या. "लाजू नका हो, आपलेच समजा. मी काही ऐकायची नाही. जाच तुम्ही."

मास्तरांना काही उमगेना. एवढं स्वच्छ, एवढं उघडंनागडं बोलून झाल्यावर आता आणखी काय बोलायचं? त्यांनी दोन्ही हात टेबलावर ठेवले. "मॅडम, मी नाही म्हणतोय. नाही म्हणजे नाही. कालही नाही, आजही नाही, कधीच नाही."

"तीन!" बाई खुर्चीतून उठल्याच. त्यांनी मास्तरांचे हात हातात घेतले. "जमलं मला! मास्तर, तुम्ही साक्षीला आहात, आज मी पहिल्यांदा तुंहाच्या रीतीने वागले. काल सेली सरांनी समजावलं नसतं तर काय केलं असतं मी? पहिल्याच 'नाही'ला तुमचं नाव खोडून दुसऱ्याचं घातलं असतं. आणि तुम्ही बिचारे आयुष्यभर मनात कुढत बसला असतात, पण तोंडातून शब्द काढला नसतात."

मास्तर मनात चरफडले. म्हणजे पहिल्या दिवशी नुसतं एवढं बोललो असतो तर! नुसतं काल बोललो असतो तरी चाललं असतं! पण मास्तर शिक्षक होते, आणि शिक्षकाचं डोकं बुडतानाही नियम शोधतं. त्यांनी भराभर हिशेब मांडला. बाई आता तुंहातल्यासारख्या झाल्या. त्यांच्या लेखी 'नाही' म्हणजे 'हो'. मग उघडच आहे, 'हो' म्हणजे 'नाही'. आईच्या दुधातून मिळालेली गोष्ट आता बाईंनाही मिळाली आहे, आता त्यांना कळेल.

"हो, मॅडम," मास्तर ठामपणे म्हणाले. "जातो. उद्याच जातो. मला जायचंच आहे."

बाईंनी त्यांच्या पाठीवर अशी थाप मारली की टेबलावरचा पेला हलला.

"वा! असं बोलावं माणसानं! ही आमच्या सांतांदेरची रीत. अख्ख्या वर्षात या गावात मला सरळ बोलणारा पहिला माणूस भेटला." आणि त्यांनी फोन उचलला. "पिरासान उद्याच निघतायत. हो, उद्या. स्वतः म्हणाले. खेचर खाली पाठवा."

मास्तर घरी आले तेव्हा निन्फा भट्टीतून पावांचा घाणा काढत होती. त्यांनी घडलं ते सगळं सांगितलं, काही वगळलं नाही. निन्फा पाव टोपलीत भरत ऐकत होती. एकदा तिने ओठ चावला, पण ते हसू आवरायला की दुसरं काही, हे मास्तरांना सांगता आलं नाही. मेंढी कुंपणापाशी शांत रवंथ करत उभी होती.

मग मास्तर भट्टीशेजारच्या बाकावर बसले आणि जे इतकी वर्षं बोलले नव्हते ते बोलले. "मला भीती वाटते गं, निन्फा. थंडीची नाही. तू नसलीस तर मला झोप लागत नाही."

निन्फा त्यांच्याकडे बघत राहिली. तिच्या डोळ्यांत असं काही होतं की मास्तरांना एकदम धीर आला. त्यांनी तिचा पिठाचा हात धरला आणि विचारूनच टाकलं.

"तू येशील माझ्याबरोबर?"

निन्फाने हात सोडवला नाही. दुसऱ्या हाताने तिने मास्तरांच्या कॉलरवर उडालेलं पीठ झटकलं. मग भट्टीकडे एकदा बघितलं, त्यांच्याकडे बघितलं, आणि फार मायेने म्हणाली,

"येईन की! का नाही येणार? तुमच्याबरोबर तिथे ढगात राहायला मला किती आवडेल. मी तर अगदी आनंदानं येईन."

मास्तर उठले, आत गेले आणि बरोबर न्यायला पेटीतून एक रजई काढली. एकच काढली.